औषध कोणी सोडायचे : माणसाने की यंत्राने?

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत गिअर कडक करण्यासाठी भट्ट्या वापरतात. भट्टीतले थर्मोकपल तापमान मोजते, नियंत्रक ते हव्या त्या आकड्याशी ताडून पाहतो आणि वीज कमी-जास्त करतो. मोजणे, ठरवणे, करणे आणि पुन्हा मोजणे अशी ही साखळी. ती सैनिकाच्या अंगावर बसवता येईल का? तो बेशुद्ध पडला तर अंगावरचे यंत्रच त्याला औषध टोचेल का?

यातले 'करणे' आता फारसे अवघड राहिलेले नाही. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात रासायनिक हल्ल्यापासून बचाव करण्याचे शिक्षण देतात. त्या विषयातलेच उदाहरण घेऊ. मज्जातंतूचा निरोप ॲसिटिलकोलिन हा रेणू स्नायूंकडे व ग्रंथींकडे पोचवतो. निरोप पोचला की एक विकर त्या रेणूचे तुकडे करते. सारिन हा विषारी वायू या विकरालाच निकामी करतो. मग निरोप थांबतच नाही. बाहुल्या बारीक होतात, लाळ व घाम सुटतो, श्वासनलिका स्रावाने भरतात आणि श्वास बंद पडतो. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत हाच वायू सोडला गेला होता. शेतात फवारली जाणारी ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकेही याच विकरावर घाला घालतात.

यावर दोन औषधे आहेत. आपल्या धोतऱ्यातही असणारे ॲट्रोपिन ग्रंथींना तो निरोप ऐकू देत नाही. प्रालिडॉक्झिम अडकलेल्या विकराची सुटका करते. पण उशीर झाला तर विषाची पकड पक्की होते आणि मग त्याचा उपयोग होत नाही. म्हणून ही औषधे भरलेले स्वयंचलित इंजेक्शन सैनिकाजवळच ठेवतात. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेने असे इंजेक्शन तयार केले आहे. ते मांडीवर दाबले की स्प्रिंग सुटते आणि सुई कपड्यातून थेट स्नायूत शिरते.

खरी अडचण 'ठरवण्याची' आहे. मधुमेहींसाठी साखर मोजून इन्सुलिनचे प्रमाण आपोआप बदलणाऱ्या पंपाला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. तिथे जे मोजायचे तेच औषधाने बदलायचे असते. सैनिकाच्या अंगावरचे संवेदक मात्र नाडी, श्वास, त्वचेचे तापमान आणि हालचाल मोजतात. टेकडी चढताना नाडी वाढते, भीतीने वाढते, रक्तस्रावानेही वाढते. विषबाधेत ती मंदावू शकते किंवा वाढूही शकते. नुसत्या आकड्यावरून यंत्राने काय समजायचे?

आणि चूक झाली तर? विष नसताना ॲट्रोपिन दिले तर घाम येणे बंद होते; भर उन्हात उष्माघात होऊ शकतो. १९९१ च्या आखाती युद्धाच्या काळात इस्रायलमध्ये घरोघरी वाटलेली अशी इंजेक्शने अनेक मुलांना चुकून टोचली गेली.

म्हणून आम्हांला वाटते, तूर्त यंत्राने इशारा द्यावा आणि निर्णय माणसाने घ्यावा. पण जवळ माणूसच नसेल तर? थांबण्याचा धोका मोठा की चुकण्याचा?

हा प्रश्न वर्गात घेता येईल. मुलांना बसून, जिना चढून आणि परीक्षेच्या आधी नाडी मोजायला सांगा. फक्त आकडे फळ्यावर लिहा आणि कोणता आकडा कशामुळे आला ते इतरांना ओळखू द्या. यंत्राची अडचण मुलांना लगेच कळेल.