वायरलेसवर ऐकू येतं, पण बोलता का येत नाही?

बंदीचे दिवस सरत आले. 1 ऑगस्टला दर्या उघडणार. कुटबण, मालिम, वास्को, चापोरा, सगळ्या जेटींवर जाळी, रंगकाम, इंजिन यांची धावपळ चालू आहे. वायरिंगकडे मात्र कोण बघत नाही. बल्ब पेटला म्हणजे वायरिंग ठीक, असं आपण धरून चालतो.

दर मोसमात एक तक्रार आमच्याकडे हमखास येते. व्हीएचएफ सेटवर दुसऱ्यांचं सगळं ऐकू येतं, पण बोलायला बटण दाबलं की सेट बंद पडतो. मालक सेट काढून दुरुस्तीला नेतात. तिथे टेबलावर तो झकास चालतो. परत ट्रॉलरवर लावला की पुन्हा तेच! पुष्कळदा सेट निर्दोष असतो. खोट असते बॅटरीपासून सेटपर्यंतच्या वायरीत, त्यातही जोडांत.

कारण समजून घेऊया. सेट नुसता ऐकत असतो तेव्हा साधारण अर्धा अँपिअर करंट घेतो. 25 वॅटवर बोलायला लागला की तोच 5 अँपिअरच्या आसपास जातो, म्हणजे दसपट. आता खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट थर चढला, तारेचे चार केस तुटले, की त्या जागी करंटला अडथळा होतो. शाळेच्या पुस्तकात याला रोध म्हणतात, वायरमन रेझिस्टन्स म्हणतात, आणि तो मोजतात ओहममध्ये. हे ओहम म्हणजे जर्मनीतले एक शाळामास्तर, कुलुपं करणाऱ्याचा मुलगा. त्यांनी 1827 साली पुस्तकात मांडलेला हिशेब असा: व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध.

उदाहरण घ्या. बटण दाबून बोलत असताना बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावला, 12.5 व्होल्ट. त्याच वेळी सेटच्या मागच्या वायरीवर लावला, 10.4 व्होल्ट. मधले 2.1 व्होल्ट वाटेत गेले. करंट 5 अँपिअर. 2.1 भागिले 5, म्हणजे 0.42 ओहम. दिसायला अर्धा ओहमसुद्धा नाही. पण बऱ्याच सेटना किमान 11.7 व्होल्टच्या आसपास लागतात, 10.4 वर ते डोळे मिटतात. आणि नुसतं ऐकताना? 0.42 गुणिले अर्धा अँपिअर, म्हणजे जेमतेम 0.2 व्होल्ट जातात. सेटला 12.3 मिळतात, तो आनंदाने ऐकत राहतो. म्हणून जेटीवर सगळं ठीक वाटतं आणि मदत मागायची वेळ येते तेव्हाच सेट दगा देतो. किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554 आहे. रेंज गेली की सोळा नंबरचं चॅनल हाच आधार.

आता ते 2.1 व्होल्ट गेले कुठे? उष्णतेत. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. 2.1 गुणिले 5, साडेदहा वॅट. चांगली 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, जाऊन येऊन 10 मीटर, तिचा रोध 0.07 ओहमच असतो. म्हणजे बाकीचा 0.35 ओहम जोडांतच आहे, आणि त्यातली साडेआठ-नऊ वॅट उष्णता एकदोन स्क्रूंच्या तोंडाशी निघते. नखाएवढ्या जागेत. टेप वितळून काळी पडलेली दिसते ती यामुळेच. शेजारी डिझेलची नळी आणि तेलकट फायबर असेल तर पुढचं सांगायला नको.

इंजिन सुरू करताना तर आकडे फार मोठे होतात. स्टार्टर 200 अँपिअर ओढतो असं धरा. बॅटरीच्या लगवर फक्त 0.01 ओहम असला तरी 2 व्होल्ट गेले आणि तिथे 400 वॅट उष्णता निघाली. लग हाताला तापलेला लागला तर नवी बॅटरी आणायला धावू नका. आधी लग काढून पॉलिश पेपरने घासा.

एक गोष्ट ध्यानात घ्या. मल्टिमीटर ओहमवर ठेवून हा रोध सापडत नाही. मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध 0.2-0.3 ओहम असतो, आपला चोर त्यात लपून जातो. म्हणून वर केला तसा व्होल्ट आणि अँपिअरवरूनच हिशेब करायचा. करंटसाठी मीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर लावून वायरीच्या मध्येच जोडा, थेट बॅटरीच्या दोन टोकांना नको, फ्यूज उडेल. स्टार्टरला हा मीटर लावूच नका. क्लॅम्प मीटर घेत असाल तर तो डीसी मोजतो का ते विचारून घ्या, स्वस्तातले बरेच फक्त घरची एसी मोजतात. अँटेना जोडल्याशिवाय बोलायचं बटण दाबू नका, आणि चाचणीसाठी सोळा नंबर अडवू नका.

बटण दाबल्यावर बॅटरीच्या टर्मिनलवरच व्होल्टेज 11 वर कोसळलं तर वायरिंगचा दोष नाही, बॅटरीच संपलेली किंवा थकलेली आहे.

जोड नुसते पिळून टेप मारू नका. कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर, दाबून बसवलेला लग आणि वर गोंद असलेली हीट श्रिंक नळी, एवढं केलं तर मोसमभर निभावतं. फ्यूज वायरीच्या जाडीप्रमाणे घाला. फ्यूज उडतो म्हणून त्या जागी तार गुंडाळणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्या ट्रॉलरवर आम्ही तरी झोपणार नाही.

सोसायटीच्या ऑफिसात एक मल्टिमीटर ठेवला आहे. वहीत सही करून न्यावा, संध्याकाळपर्यंत परत आणावा. बॅटरीजवळचा आणि सेटजवळचा आकडा त्याच वहीत ट्रॉलरच्या नावापुढे लिहा. डिसेंबरात परत मोजू, तेव्हा फरक कळेल.