कर्करोग आणि घरांतील संकोच

कर्करोगाचें नांव निघतांच घरांतील मंडळींचा आवाज खालीं उतरतो. काकूंना हा विकार जडला, तर विचारणारास ‘प्रकृति ठीक नसते’ एवढेंच सांगण्यांत येतें. या संकोचांत जो काळ फुकट जातो, तोच रोगाच्या पथ्यावर पडतो.

शरीरांतील पेशी मर्यादेनें वाढतात व जीर्ण झाल्यावर नव्या पेशींस जागा देतात. एखाद्या पेशीचें हें नियमन बिघडलें म्हणजे तिची प्रजा अनिर्बंध वाढते, शेजारच्या भागांत शिरते आणि रक्तावाटे दूर जाऊन ठाणें देते. हा विकार स्पर्शानें जडत नाहीं. सबब रोग्याचें ताटवाटी निराळें ठेवण्याचें कांहींएक कारण नाहीं.

भारतांत स्तनाचा, तोंडाचा व गर्भाशयमुखाचा हे कर्करोग विशेष आढळतात. आणि हे तिन्ही भाग वैद्यास सहज तपासतां येतात. स्तनांतील न दुखणारी गांठ, तोंडांतील तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, यांपैकीं कांहीं आढळल्यास विलंब करूं नये. अशी प्रत्येक गांठ कर्करोगाचीच असते असें नाहीं. परंतु ‘दुखत नाहीं, मग दाखवावयाचें कशास?’ हा विचार घातक होय.

तोंडाच्या कर्करोगाचें मुख्य कारण तंबाखू. ती पानांतून खाल्ली काय किंवा मिश्री म्हणून दांतांस लावली काय, अपाय चुकत नाहीं. सुपारीही निर्दोष नाहीं. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूमुळें होतो, या शोधाबद्दल हाराल्ड झुर हाउझेन यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या विषाणूवरील लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें २०२३ सालीं बाजारांत आणली. मुलींस ती नऊ ते चौदा या वयांत देणें उत्तम.

मुंबईंत १९४१ सालीं उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयानें सुमारें दीड लाख स्त्रियांची दीर्घकाल पाहणी केली. शिरक्यांत असणारें ॲसेटिक ॲसिड सौम्य करून गर्भाशयमुखास लावावयाचें व पांढरा डाग उमटतो कीं काय तें पाहावयाचें, एवढीच ती तपासणी. तिच्या योगें या रोगाचे मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटल्याचें २०१३ सालीं जाहीर झालें.

उपचारांतही मोठें अंतर पडलें आहे. स्तनांतील गांठ लहान असतां आढळली, तर पुष्कळदां तेवढीच काढून पुढें किरणोपचार देतात. संपूर्ण स्तन काढल्यानें जेवढें आयुष्य लाभावें तेवढें याहि मार्गानें लाभतें. रक्ताच्या एका जुनाट कर्करोगांत २००१ पासून रोज घ्यावयाची इमॅटिनिब ही गोळी उपयोगी पडत आहे. रोग्याच्याच रक्तांतील संरक्षक पेशी बाहेर काढून, त्यांस कर्करोग ओळखण्यास शिकवून परत शरीरांत सोडण्याच्या उपचारास भारतांत २०२३ सालीं मान्यता मिळाली. त्यांत मुंबईची आयआयटी व टाटा रुग्णालय यांचा वांटा आहे.

परंतु हीं सर्व साधनें वेळीं आलेल्या रोग्यास अधिक फळतात. घरांतील सुनेनें अथवा वडील बाईंनीं ‘येथें कांहीं हातास लागतें’ असें निःसंकोचपणें सांगावें, आणि कर्त्या पुरुषांनीं त्याच आठवड्यांत त्यांस डॉक्टरांकडे न्यावें, एवढा प्रघात आपण पाडला तरी अनेक घरांतील अनर्थ टळेल.