तुर्भ्याचा बाजार आणि आमचा गोलबाजार

सकाळच्या प्रहरी जटपुरा दरवाजातून आत शिरून गोलबाजारापर्यंत जाण्याचा ज्यांनी प्रयत्न केला आहे, त्यांना चंद्रपूरचा ठोक व्यापार कोटाबाहेर न्यावा या म्हणण्याचे मर्म निराळे समजावून सांगावे लागत नाही. गोंड राजांनी हा कोट मालमोटारींसाठी बांधला नव्हता. तथापि नवी शेड उभारून गाळे वाटले की बाजार हलला, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी मुंबईच्या कांदा-बटाटा बाजाराची हकीकत अवश्य ध्यानात घ्यावी.

पूर्वी हा व्यापार मशीद बंदरच्या अरुंद गल्ल्यांत चाले. मुंबई कृषि उत्पन्न बाजार समिती 1977 साली स्थापन झाली व 1981 साली हा बाजार खाडीपलीकडे, सिडकोने वसविलेल्या नव्या नगरात तुर्भ्यास गेला. वाशीस रेल्वे पोचावयास मात्र 1992 साल उजाडले! भायखळ्याची भाजी व क्रॉफर्ड मार्केटातील फळे 1996 साली त्याच वाटेने गेली. स्थलांतर यशस्वी झाले, यात संशय नाही.

फसले ते पुढे. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत छतांतील लोखंड गंजले, गिलावे कोसळू लागले आणि महापालिकेने या इमारतींची गणना धोकादायक इमारतींत केली. पुनर्बांधणीची चर्चा त्यानंतर वर्षानुवर्षे चालत राहिली. जमीन मूळची सिडकोची, गाळा व्यापाऱ्याचा, देखरेख समितीची आणि बांधकामाची परवानगी महापालिकेची. अशा चौघांच्या घरात छप्पर कोणाचे, हे कोण सांगणार? त्यात 2016 साली राज्य सरकारने फळे, भाजीपाला व कांदा-बटाटा नियमनमुक्त केला. आवाराबाहेरील व्यवहारांवर समितीची सत्ता उरली नाही. तेव्हा नवा बाजार बांधावयाचा तरी केवढा, असाही प्रश्न उभा राहिला.

या वादात माथाडीला कोणी विचारीत नाही. 1969 च्या कायद्याने त्याच्या मजुरीला संरक्षण दिले खरे. पण ज्या छताखाली तो गोणी पाठीवर घेतो, त्या छताची हमी त्याला कोणी दिलेली नाही. व्यापारी निदान दुसरीकडे गाळा घेऊ शकतो.

लंडनचा कॉव्हेंट गार्डन बाजारही 1974 साली शहराच्या मध्यातून नाइन एल्म्स येथे गेला, आणि चार दशकांनी तेथेही पुनर्बांधणीची वेळ आली. परंतु तेथे जागेची धनी एकच संस्था होती. जादा जमीन बांधकाम कंपन्यांस देऊन त्या बदल्यात, व्यापार बंद न ठेवता, टप्प्याटप्प्याने नवा बाजार उभारण्याचा करार तिला करता आला.

चंद्रपुरास महानगरपालिका मिळाली ती 2011 साली. कोटाबाहेर ठोक बाजार नेण्याचा आराखडा ती जेव्हा हाती घेईल, तेव्हा छताचा धनी कोण हे तिने गाळेवाटपाच्या आधी करारात लिहून घ्यावे. दरमहा प्रत्येक गाळ्यामागे दुरुस्तीची वर्गणी ठरवून ती निराळ्या खात्यात ठेवावी, आणि त्या खात्यावर देखरेख करणाऱ्या मंडळात व्यापाऱ्यांबरोबर हमालांचाही प्रतिनिधी घ्यावा, अशी आमची मागणी आहे.