दीड मिनिटाच्या मागं वर्षांची मेहनत



मागच्या महिन्यात धामणगाव रेल्वेत आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, सह्या झाल्या, अन् एका ताईनं विषय काढला. तिची सातवीतली पोरगी शाळेत कोलांट्या, कमानी फार छान करते. पण घरचे म्हणतात, "आता मोठी झाली, पोरीच्या जातीले हे शोभते काय?" ताई विचारत होती, पोरीचा खेळ थांबवू का? तेव्हा आम्ही तिला ठाण्याच्या संयुक्ता काळेची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

संयुक्ताचा खेळ आहे रिदमिक जिम्नॅस्टिक्स, म्हणजे संगीताच्या तालावरची कसरत. दीपा करमाकर धावत येऊन उंच उडी घ्यायची, तो प्रकार वेगळा. इथं तेरा मीटर लांब-रुंद गालिच्यावर मुलगी एकटी उतरते. हातात कधी रिंग, कधी चेंडू, कधी दोन छोटे मुदगल, तर कधी रेशमी फीत. ही फीत सहा मीटरची, आपल्या पाचवारी साडीपेक्षाही लांब. ती सतत फिरती ठेवायची, गाठ पडू द्यायची नाही. वस्तू उंच फेकायची, खाली गिरकी घ्यायची आणि पडण्याआधी झेलायची. हे सगळं जेमतेम दीड मिनिटात. वस्तू सुटली की गुण कापले जातात, रेषेबाहेर पाय गेला तरी कापले जातात. १९८४ पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे आणि तिथं तो फक्त महिलाच खेळतात.

जून २०२२ मध्ये हरियाणात खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या. तिथं संयुक्तानं महाराष्ट्रासाठी पाच सुवर्णपदकं जिंकली. पुढच्याच वर्षी गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत चार सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. ओडिशाच्या प्रणती नायकसोबत ती त्या स्पर्धेची सर्वोत्कृष्ट महिला खेळाडू ठरली.

तिला घडवणाऱ्या पूजा सुर्वे आणि मानसी सुर्वे याही बायाच. पूजाताई आधी स्वतः हाच खेळ खेळल्या. एक शिकली की दुसरीला शिकवते, हे आपल्या गटासारखंच झालं.

आता खरं बोलू. ठाण्यासारखा गालिचा अन् प्रशिक्षक आपल्या गावात नाही. पण आपल्याच जिल्ह्यात, अमरावतीला, १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्याच मंडळाच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवले होते. म्हणजे अंग कमावण्याची विद्या आपल्याला परकी नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. जाणत्या माणसाशिवाय घरी पोरीचं अंग ओढून-ताणून वाकवू नका. अन् खेळणाऱ्या पोरीला पोटभर जेवू घाला. भावाच्या ताटात दूध-अंडं असेल तर तिच्याही असू द्या.

पोरींचा खेळ सुटतो तो अंगात दम नसतो म्हणून नाही. संध्याकाळी भांडी, पाणी, लहान भावंडं तिच्याकडे येतात, म्हणून सुटतो. त्या बैठकीत ताईनं ठरवलं, पोरगी रोज तासभर मैदानावर जाईल अन् तेवढ्या वेळात भांडी तिचा भाऊ घासेल. पदक येईल न येईल, ते पुढचं पुढं.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाले की एकमेकींना विचारा: आपल्यापैकी कोणाच्या पोरीचा खेळ सुटला, अन् काहून सुटला?