चटई निवडताना

दिवाळीची झाडलोट आटोपली की नव्या चटईचा, सतरंजीचा विषय घरोघर निघतोच. दुकानात गृहिणींची नजर आधी रंगावर जाते. पाहायला हवा तो धागा. कारण झाडापासून तुटला तरी तो हवेतला ओलावा पीतच असतो, आणि तो ओलावा त्याला किती सोसतो यावर चटईचे आयुष्य ठरते.

भंडाऱ्यातून १९९९ साली वेगळा झालेला आमचा गोंदिया जिल्हा म्हणजे धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. पावसाळ्यात फरशीला ओल सुटते, तर मे महिन्यात तीच फरशी तापते. अशा घरात एकच चटई सगळीकडे चालत नाही. ताग मऊ आणि सोनेरी. वडीलधाऱ्यांच्या पायांना सुखाचा. पण भिजला की त्याचे बळ जाते आणि कुबट वास येतो, म्हणून त्याची जागा कोरड्या खोलीत. नारळाचा काथ्या खरखरीत खरा, पण ओलीला सहसा दाद देत नाही. त्याला उंबऱ्याबाहेर बसवावे. घायपात टणक, वर्दळीला टिकणारे. मात्र पाण्याचे डाग त्यावर राहतात.

उन्हाळ्यात मात्र शिंदीच्या पानांची किंवा बांबूची चटई अंथरून पाहावी. आमच्या सौ. दुपारी दुसरे काही पसरूच देत नाहीत! बांबूची चटई घेताना ती उजेडात धरावी. बारीक छिद्रे किंवा खाली पिठासारखा भुगा दिसला, तर आत किडा शिरला आहे असे समजावे. काठ घट्ट वळलेले आहेत ना, तेही पाहावे.

या चटईमागे आमच्याकडच्या बुरुडांचे हात आहेत. बांबू खरे तर गवताच्या कुळातला. पण १९२७ च्या वनकायद्याने त्याला झाडांत गणले होते. वनाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून सुटला तो २०१७ साली. शेताच्या बांधावरचा बांबू तोडण्याची वाट त्यामुळे सोपी झाली. पण नुसता बांबू मिळून चूल पेटत नाही, गिऱ्हाईकही हवे. बांबू चिरून, सोलून, एकेक पट्टी गुंफणाऱ्याकडे आपण प्लास्टिकच्या चटईचा भाव मागू लागलो, तर त्याची मुले ही विद्या कशाला शिकतील?

तेव्हा यंदा भाव करताना थोडा हात सैल सोडावा. आणि चटई घरी आणल्यावर महिन्यातून एकदा उचलून, झटकून, वाऱ्यावर टाकावी. खालची फरशी कोरडी राहिली की तीही पुष्कळ दिवाळ्या पाहील.