उडी घेणाऱ्याचा हिशेब

आशियाचं बास्केटबॉल : लेखांक सहावा

फिलिपिन्समधल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजे पीबीएमध्ये, दर हंगामाला एका सर्वोत्तम खेळाडूची निवड होते. १९८६ ते १९९७ या काळातली ही नावं वाचली तर रामोन फर्नांडेझ, बेंजी पारास, अ‍ॅलन कायडिक, आल्विन पात्रिमोनियो, एटो अगुस्टिन अशी मंडळी भेटतात. सॅम्बॉय लिमचं नाव त्यात एकदाही येत नाही. तरीही २००० साली लीगने आपल्या पहिल्या पंचवीस वर्षांतले पंचवीस महान खेळाडू जाहीर केले, तेव्हा त्या यादीत सॅम्बॉय होता. या विसंगतीचं नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे : मुलगा विलक्षण गुणी होता, पण नशीब वाईट, सतत दुखापती झाल्या, नाहीतर कुठल्या कुठे गेला असता. हे उत्तर मला मान्य नाही. त्यात खेळ एका बाजूला आणि दुखापत दुसऱ्या बाजूला ठेवली जाते, जणू दुखापत बाहेरून येऊन त्याच्यावर कोसळली. प्रत्यक्षात प्रेक्षक ज्या क्षणासाठी तिकीट काढत होते, त्याच क्षणात त्याचं शरीर मोडत होतं. म्हणून त्याच्या कारकिर्दीकडे अपुरी राहिलेली म्हणून पाहू नये. तो ज्या पद्धतीने खेळत होता, त्या पद्धतीची ती पूर्ण कारकीर्द होती.

आधी ही कारकीर्द थोडक्यात. अव्हेलिनो ‘सॅम्बॉय’ लिमचा जन्म १९६२ चा. मनिलाच्या लेट्रान महाविद्यालयाने १९८२, १९८३ आणि १९८४ अशी सलग तीन वर्षं आंतरमहाविद्यालयीन विजेतेपद मिळवलं, ते त्याच्या काळात. तिथून तो अमेरिकन प्रशिक्षक रॉन जेकब्स यांच्या हाताखाली नॉर्दर्न कन्सॉलिडेटेड सिमेंट या संघात आला. नाव सिमेंट कंपनीचं असलं तरी तो राष्ट्रीय संघच होता, आणि त्याच्यामागे उद्योगपती दांदिंग कोहुआंको यांचा पैसा होता. १९८५ च्या अखेरीस क्वालालंपूरमध्ये सुरू होऊन नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात संपलेली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा या संघाने जिंकली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांची राजवट उलथली, कोहुआंको देशाबाहेर गेले आणि राष्ट्रीय संघाचा तो सगळा डोलारा कोसळला. आशियाचा विजेता असूनही फिलिपिन्सचा संघ १९८६ च्या स्पेनमधल्या जागतिक स्पर्धेत उतरला नाही. सॅम्बॉयच्या शरीरात सगळ्यात जास्त जोर होता ती वर्षं ही, आणि जगाने त्याला पाहण्याची संधी राजकारणात गेली. हे मात्र खरं दुर्दैव म्हणता येईल. पुढे तो पीबीएमध्ये सॅन मिगेलकडून खेळला. १९८९ मध्ये नॉर्मन ब्लॅक यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने हंगामातल्या तिन्ही स्पर्धा जिंकून ‘ग्रँड स्लॅम’ केला. १९९० च्या बीजिंग आशियाई खेळांत रौप्यपदक मिळवणाऱ्या फिलिपिन्स संघातही तो होता.

आता त्या उडीकडे येऊ, कारण सगळा वाद तिच्याभोवतीच आहे. लोक त्याला ‘स्कायवॉकर’ म्हणत. साधारण सहा फुटांचा हा खेळाडू चेंडू घेऊन वेगाने रिंगखालच्या गर्दीत शिरायचा, बचाव करणाऱ्यांच्या आधी हवेत जायचा आणि ते खाली येऊ लागले की मग चेंडू सोडायचा. तो हवेत तरंगतो असं वाटायचं. तरंगता कुणालाच येत नाही. पाय जमिनीवरून सुटले की शरीराच्या गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून जातो, तो बदलणं खेळाडूच्या हातात राहत नाही. समजा, खेळाडूने सत्तर सेंटिमीटर उंच उडी घेतली. तो हवेत जेमतेम पाऊण सेकंद असतो. पण वर जाताना वेग कमी होत असल्यामुळे त्या पाऊण सेकंदाचा निम्मा वेळ उडीच्या सर्वात वरच्या चौथ्या हिश्शात जातो. शिवाय गुडघे आधी वर ओढून मग सोडले, आणि चेंडूचा हात शेवटपर्यंत राखून ठेवला, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ते थांबणंच वाटतं. सॅम्बॉयचं कौशल्य याच अर्ध्यामुर्ध्या क्षणात होतं. उजवा हात अडवला गेला तर चेंडू डाव्या हातात घेणं, रिंगच्या एका बाजूने उडून दुसऱ्या बाजूने तो आत सोडणं, हे सगळं तो तेवढ्यात उरकायचा.

या कौशल्याची एक अट असते. चेंडू जितका उशिरा सोडाल, तितकं उतरण्याकडे लक्ष देणं उशिरा सुरू होतं. सत्तर सेंटिमीटरवरून खाली येताना शरीराचा वेग ताशी सुमारे तेरा किलोमीटर असतो. तो फार नाही, आणि सावध शरीर तो सहज पेलतं, कारण जमिनीला पाय टेकण्याआधीच मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू ताणून तयार झालेले असतात. हवेत असताना कमरेला किंवा खांद्याला एक धक्का बसला की शरीर फिरतं, आणि ती तयारी चुकीच्या बाजूला झालेली ठरते. मग भार गुडघ्यावर तिरका पडतो, घोटा मुरगळतो, मनगट किंवा पाठ जमिनीवर आदळते. कबड्डीत प्रतिपक्षाच्या अंगणात एकटा शिरणारा चढाईबहाद्दर जमिनीवर जो धोका पत्करतो, तो हा माणूस हवेत पत्करत होता, जिथे पाय रोवायला काही नसतं.

पीबीएची रचना हा धोका वाढवणारी होती. मागच्या लेखांकात आपण पाहिलं की इथले संघ शहरांचे नसून कंपन्यांचे असतात, आणि वर्षाचे तीन भाग करून तीन स्वतंत्र स्पर्धा खेळवल्या जात. त्यातली एक पूर्णपणे स्थानिक खेळाडूंची. इतर स्पर्धांत परदेशी खेळाडू असत, बहुतेक अमेरिकन, आणि संघ त्यांना आणत ते मुख्यतः रिंगखालची जागा ताब्यात ठेवण्यासाठी. सॅम्बॉय शिरायचा तो नेमका याच जागेत. शिवाय फाउलचा हिशेबही बचाव करणाऱ्याच्या बाजूने होता. हवेत गेलेल्या माणसाला सोडून दिलं तर दोन गुण जवळपास नक्की. धक्का दिला तर दोन फ्री थ्रो, त्यातला एखादा चुकू शकतो, आणि समोरचा पुढच्या वेळी आत शिरताना विचार करेल हा फायदा वेगळाच. धक्का देणारा प्रत्येक जण खुनशी होता असं मानण्याची गरज नाही. नियमांनीच तो सौदा स्वस्त ठेवला होता. सॅम्बॉय उठायचा, फ्री थ्रो घ्यायचा आणि पुढच्या चेंडूला पुन्हा आत शिरायचा. पुष्कळदा त्याला उठता येत नसे, आणि मग हंगामाचे मोठे तुकडे त्याच्याविना जात.

यावर पहिला आक्षेप असा की शहाणा खेळाडू वेळीच आपला खेळ बदलतो. उदाहरण त्याच्या सोबत्याचंच आहे. अ‍ॅलन कायडिक जेकब्स यांच्या त्याच राष्ट्रीय संघातून आला, नंतर सॅन मिगेलमध्येही सॅम्बॉयबरोबर खेळला. हा डावखुरा नेमबाज दुरून चेंडू टाकायचा. १९९१ मध्ये त्याने एका सामन्यात सतरा थ्री-पॉइंटरांसह ७९ गुण केले. सॅम्बॉयनेही दुरून मारायला हवं होतं, असं म्हणणं वरवर रास्त वाटतं. पण मुळात कायडिकसारखा नेमबाज मोकळा का सापडतो? कोणीतरी आत शिरतो, बचावाचे दोन-तीन खेळाडू त्याच्याकडे ओढले जातात, आणि बाहेरचा माणूस सुटतो म्हणून. आत शिरणाऱ्याने शिरणं सोडलं तर बाहेरच्याची नेमबाजीही अवघड होते. हेक्टर काल्मासारखा चेंडू खेळवणारा गार्ड आणि रामोन फर्नांडेझसारखा अनुभवी सेंटर असलेल्या सॅन मिगेलला सॅम्बॉयकडून जे हवं होतं, ते आणखी एका नेमबाजाने मिळालं नसतं. त्याच्या उडीला निव्वळ नखरा समजणारे ही बाजू विसरतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रोज मैदानावर हजर असणं हासुद्धा गुणच आहे. पात्रिमोनियो चार वेळा हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या गौरवात प्रतिभेइतकाच वाटा रात्रीमागून रात्री उभं राहण्याच्या ताकदीचा आहे. संघाला गरज असताना बाकावर बसलेला खेळाडू, कारण काहीही असो, त्या दिवशी संघाच्या उपयोगाचा नसतो. हे मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच सॅम्बॉयला हंगामी पुरस्कार मिळायला हवा होता असा दावा करत नाही. ते पुरस्कार योग्य हातांत गेले. पण हंगामाचं मोजमाप आणि खेळाच्या इतिहासाचं मोजमाप यांची गल्लत करू नये. हंगामात बेरीज मोजतात. इतिहासात एखाद्याने खेळात काय नवं शक्य करून दाखवलं, हेही मोजावं लागतं. अवघ्या सहा फुटांच्या स्थानिक खेळाडूने रिंगखालची जागा परदेशी उंचपुऱ्यांना आंदण द्यायची नाही, हे फिलिपिन्सच्या एका पिढीने ज्यांच्याकडे पाहून ठरवलं, त्यांत तो अग्रभागी होता. कंपन्यांच्या लीगमध्ये निष्ठा कडव्या असतात. त्यातही हिनेब्रा या संघाचे पाठीराखे सगळ्यात कडवे. तरी सॅम्बॉयवरचं प्रेम संघांच्या भिंती ओलांडून गेलं होतं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. दुखापत त्याच्या शैलीचाच भाग होती असं म्हटलं, की लीग, पंच, संघमालक आणि टाळ्या वाजवणारे आपण सगळे सुटतो का? मुळीच नाही. शैली त्याची होती, पण तिची किंमत किती असावी हे त्याने ठरवलेलं नव्हतं. हवेतल्या खेळाडूला धक्का दिल्यास कडक शिक्षा, दुखापतीनंतर पुरेशी विश्रांती, तीन स्पर्धांच्या वर्षात मिनिटांची वाटणी, या गोष्टी व्यवस्थेच्या हातात असतात. जगभरच्या बास्केटबॉलमध्ये आज धोकादायक फाउलना वेगळी, जड शिक्षा आहे. उडी तीच राहून तिची किंमत कमी करता येते, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको. प्रेक्षक जे पाहायला येतात ते करणाऱ्याचं शरीर जपणं हे आयोजकांचं काम आहे, आणि सॅम्बॉयच्या काळात ते पुरेसं झालं नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं.

तो १९९७ मध्ये निवृत्त झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये माजी खेळाडूंच्या एका प्रदर्शनीय सामन्याच्या वेळी पासिग शहरात त्याचं हृदय थांबलं आणि तो कोसळला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने तो कोमात गेला, आणि पुन्हा पूर्ववत कधीच झाला नाही. या घटनेचा संबंध जुन्या दुखापतींशी जोडण्याचा मोह होतो, पण त्याला आधार नाही. गुडघे, घोटे एक गोष्ट, हृदय दुसरी. हृदय थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत जवळच्या माणसांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवलं तर मेंदू वाचण्याची शक्यता वाढते. हे ज्ञान सर्वांना असावं यासाठी त्याच्या निकटवर्तीयांनी मोहीम चालवली. २०१६ मध्ये फिलिपिन्समध्ये कायदा क्रमांक १०८७१ लागू झाला आणि सरकारी तसंच खाजगी शाळांतल्या मुलांना जीवरक्षणाचं प्राथमिक प्रशिक्षण देणं बंधनकारक झालं. २३ डिसेंबर २०२३ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, सॅम्बॉयचं निधन झालं. तो कायदा तिथे ‘सॅम्बॉय लिम कायदा’ म्हणून ओळखला जातो.

(पुढील आठवड्यात : अ‍ॅलन कायडिक आणि थ्री-पॉइंटरने बदललेला खेळ)