कतारमध्ये नोकरी बदलताना : दाखल्याची अट गेली, क्रमाचे बंधन कायम

गोव्यातील अनेक कुटुंबांचा संसार आखातातून येणाऱ्या पगारावर उभा आहे. तेथे पगार थकला किंवा अधिक चांगली संधी चालून आली, तर मालक बदलता येतो का, हा प्रश्न या कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा ठरतो. कतारपुरते त्याचे उत्तर 'होय' असे आहे; मात्र त्यासाठी ठरलेला क्रम पाळावा लागतो.

परदेशी कामगाराचा निवास परवाना मालकाशी जोडणाऱ्या पद्धतीला आखातात 'कफाला' म्हणतात, तर प्रायोजक मालकाला 'कफील'. कतारमध्ये करार संपण्यापूर्वी दुसरी नोकरी धरायची, तर जुन्या मालकाचा ना हरकत दाखला आवश्यक असे. तो नाकारला गेला, की मुकाट्याने राबणे किंवा मायदेशी परतणे, एवढ्याच वाटा उरत. २०२० मधील १८ आणि १९ क्रमांकाच्या कायद्यांनी ही अट रद्द केली. घरकामगारांनाही ही मोकळीक मिळाली.

सूचनेची मुदत

दाखला गेला तरी पूर्वसूचनेचे बंधन कायम आहे. नोकरी दोन वर्षांपर्यंतची असल्यास एक महिना आणि त्याहून अधिक असल्यास दोन महिने आधी सूचना द्यावी लागते. ही सूचना कामगार मंत्रालयाच्या ऑनलाइन यंत्रणेतून दिली जाते. ती न देता काम सोडल्यास त्या मुदतीच्या मूळ वेतनाइतकी भरपाई अंगावर येऊ शकते. परिवीक्षा काळातही किमान महिनाभराची सूचना देऊन मालक बदलता येतो. तेव्हा भरतीचा खर्च व विमानभाडे यांपोटी जुन्या मालकाला द्यावयाची रक्कम नव्या मालकाने भरायची असते. ती कामगाराच्या दोन महिन्यांच्या मूळ वेतनापेक्षा अधिक असू शकत नाही.

धोका कोठे आहे?

अर्ज केला म्हणजे नोकरी बदलली, असा समज घातक ठरतो. बदलास मंजुरी मिळेपर्यंत परवाना जुन्या मालकाच्याच नावावर राहतो. त्या काळात नव्या ठिकाणी काम करणे बेकायदा ठरते, आणि कामावर जाणे थांबवल्यास मालक 'फरार' अशी तक्रार नोंदवू शकतो. तिची परिणती अटकेत किंवा मायदेशी पाठवणीत होऊ शकते. म्हणूनच आधी नव्या मालकाचा लेखी प्रस्ताव, मग सूचना, त्यानंतर मंत्रालयाची मंजुरी व प्रमाणित करार आणि शेवटी नव्या कामाची सुरुवात, हा क्रम मोडू नये. मालकाने कराराचा भंग केला किंवा कामगारावर हात उगारला, तर सूचनेविना काम सोडण्याची तरतूद कामगार कायद्यात आहे. तथापि तेव्हाही मंत्रालयात तक्रार नोंदवून ठेवणे हिताचे.

आपले हक्काचे

या कायद्याखालील कामगाराची वर्षभर सेवा झाली असल्यास, प्रत्येक वर्षामागे किमान तीन आठवड्यांच्या मूळ वेतनाइतके सेवासमाप्ती उपदान मिळते. नोकरी बदलताना ते मागण्यास संकोच करू नये. पासपोर्ट मालकाने अडवून ठेवणे कायद्याला मान्य नाही. करार, वेतन जमा झाल्याच्या नोंदी आणि दिलेल्या सूचनेची प्रत स्वतःजवळ ठेवावी. शक्य असल्यास एक प्रत घरीही पाठवावी. तंटा उद्भवल्यास दोहा येथील भारतीय दूतावासाकडे किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरच्यांनाही दाद मागता येते, आणि अशा वेळी हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.